बुटांपुरती फट

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे. तीन लाकडी चौकटी, चार बिजागऱ्या आणि ताणलेले हिरवे कापड, एवढाच माझा संसार. सुताराने मला दवाखान्यासाठी घडवले. फरशी पुसायला सोपे जावे म्हणून त्याने माझ्याखाली वीतभर जागा मोकळी सोडली. "बरं झालं बाई, आडोसा आहे," असे एखादी आजी म्हणाली की मी मनातल्या मनात फुशारून जायचो.

पुढे दवाखान्यात सरकते पडदे आले आणि माझी रवानगी न्यायालयात झाली. तिथे मला कुणी विचारेना. अडगळीच्या खोलीत मी वर्षानुवर्षे धूळ खात पडलो. शिपाईकाका माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत टाकायचे. राग यायचा, पण करतो काय!

एके सकाळी सरकारी वकीलताई आल्या. शिकवणीच्या सरांनी बारा वर्षांच्या एका मुलीला नको तसा हात लावला होता, आणि वर 'कुणाला सांगशील तर बघ' असा दमही भरला होता. मुलीने धीर करून आईला सांगितले. आज तिला ते न्यायाधीशबाईंना सांगायचे होते. ती गप्प राहिली असती, तर सर सुटून पुन्हा शिकवणी घ्यायला मोकळे झाले असते.

"सर तिला दिसता कामा नयेत. आडोसा काढा," वकीलताई म्हणाल्या.

"अहो ताई, पार खिळखिळा झालाय तो. आजच्या दिवस चालवून घ्या की," काका म्हणाले.

"मागे एकदा घेतलं चालवून. त्या मुलीनं तोंडच उघडलं नाही, काका. आजही वाटतं, चूक माझी होती. हा हिचा हक्क आहे, मी उपकार मागत नाहीये."

काकांनी फडके घेऊन माझ्यावरची धूळ पुसली.

मी ऐटीत उभा राहिलो. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला सर. तिने नाव सांगितले, शाळा सांगितली, आणि मध्येच थांबली. तिची नजर जमिनीवर खिळली होती. माझ्याखालच्या फटीतून सरांचे चकचकीत तपकिरी बूट दिसत होते. एका बुटाचे टोक सावकाश फरशीवर आपटत होते. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"साक्षीदाराला काही सांगायचंच नाही, असं दिसतंय," सरांचे वकील म्हणाले.

वकीलताई मुलीच्या खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या. "बाईसाहेब, इथून त्यांचे बूट दिसताहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसले. न्यायाधीशबाई मात्र उठल्या, खाली आल्या आणि मुलीला बाजूला उभे करून स्वतः तिच्या खुर्चीत बसल्या. क्षणभर त्यांनी फटीतून पाहिले.

"दिसताहेत," त्या म्हणाल्या. "हे झाकल्याशिवाय काम पुढे चालणार नाही."

काकांनी कचेरीतल्या टेबलावरचे कापड ओढून आणले आणि टाचण्यांनी माझ्या पायाशी लावले. एक टाचणी त्यांच्या बोटात घुसली, तरी ते पुढची टाचणी लावत राहिले.

"सगळं सांगू?" मुलीने विचारले.

"जमेल तसं सांग, बाळा. घाई नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

तिने सांगितले. मध्ये दोनदा पाणी प्याली, एकदा रडली, पण शेवटपर्यंत सांगितले. काही महिन्यांनी सर दोषी ठरले.

साक्ष झाली त्या दिवशी आईचा हात धरून बाहेर पडताना ती काकांपाशी थांबली. "काका, दुसरी कुणी आली तर तिलाही हे कापड लावाल ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कापड मला पक्के शिवून टाकले.

मित्रांनो, असे काही तुमच्याशी घडले तर चूक तुमची नसते. विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. मोठ्यांकडे माझे एवढेच मागणे आहे. माझे लाकूड आता फार दिवस टिकायचे नाही. मी मोडलो की मला खुशाल जळणात घाला, पण आधी माझ्या जागी दुसरा आडोसा उभा करा आणि मगच पुढच्या मुलीला बोलायला सांगा.