समुद्रकाकडीच्या वाट्याची ओळ

"पाटीवर गाणाऱ्याला चार ओळी आणि हिला एक. जगाची रीतच ती," ताई बरणीच्या झाकणाशी पुटपुटली.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दोघंच होती. ताई बरण्यांतले जीव सांभाळायची. धाकटा भाऊ पक्ष्यांत पेंढा भरायचा आणि पाट्या रंगवायचा. नव्या कपाटात त्याचा बुलबुल आणि तिची समुद्रकाकडी, समुद्रतळाचा काकडीसारखा जीव, शेजारी शेजारी बसणार होती. वर मथळा: 'दोघांत फरक काय?'

"अगं, ती बोलत नाही, धड हलत नाही. लिहू तरी काय?"

"तू जन्मभर माझ्या कानाशी शीळ घातलीस. मी कधी तक्रार केली?"

भाऊ हसला. दोन वर्षांपूर्वी ताईनं त्याला आपली एक किडनी दिली होती, आणि घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आभार परक्यांचे मानायचे, ही आईची शिकवण. त्यानं विषयाला हात घातलाच, तर ताईला नेमकी भांडी घासायची आठवण व्हायची. आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस. आज बोलायचंच, असं त्यानं सकाळी ठरवलं होतं आणि दुपारपर्यंत नुसती शीळ घातली होती.

ताईनं झाकणाभोवती गरम मेण ओतलं आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. मेण थिजेपर्यंत आता जागचं हलायची सोय नव्हती.

"लिही. तळाची वाळू गिळते, साफ करून परत ठेवते. जिवावर बेतलं तर आपलं आतडं बाहेर टाकते. शत्रू त्यात गुंततो, ही निसटते."

"आणि आतड्याचं काय?"

"उगवतं की. दीड-दोन महिन्यांत नवं."

त्याचा ब्रश थांबला. "तुझी नाही उगवायची, ताई."

ताईनं दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मेण अजून मऊच होतं.

"मला दोन होत्या. पाटी पुरी कर, रंग वाळतोय."

"वाळू दे. घासायला इथं भांडी नाहीत." त्यानं ब्रश खाली ठेवला. "रोज सकाळी तोंड धुताना ओठांवर शीळ येते ना, ती तुझी आहे. तू दिलीस म्हणून मी आहे, ताई."