साहेबरावांची जागा

“आजी, ओढू नका. फोटो काचेला चिकटलाय,” स्वराली म्हणाली.

मनकर्णाबाईंनी फ्रेम पुन्हा छातीशी धरली. विद्यापीठाच्या जुन्या आठवणी संगणकावर जपून ठेवायच्या, म्हणून लोकांना घरातले फोटो घेऊन बोलावलं होतं. स्वराली त्यांच्या प्रती काढत होती. मनकर्णाबाई बिडकीनहून दोन फोटो घेऊन आल्या होत्या. एक बहात्तरच्या दुष्काळातला. विद्यापीठाचे माळी ओळीनं उभे, पुढं घागरी आणि गुडघ्याएवढी कडुनिंबाची रोपं. मधल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी गोल भोक.

तो चेहरा या फ्रेममध्ये होता. त्यांचे यजमान साहेबराव गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. दहाव्याच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाईंनी कात्री घेतली होती.

शेजारी काकासाहेब बसले होते. फोटोत ते विशीतले होते, आणि त्यांचा हात त्या भोकाखालच्या खांद्यावर होता.

“वहिनी, दोस्ताला तेवढं भिंतीवर बसवलं. आम्हाला टाकलं पेटीत!”

“मंग काय, रोज तुमचं तोंड पुजू का?”

काकासाहेब खळखळून हसले. मग हळू आवाजात म्हणाले, “आता येऊ द्या त्याला आमच्यात. त्या साली पाणी त्यानंच लई वाहिलं.”

“अन् फाटला तर? मला तेवढंच तोंड हाय त्यांचं.”

स्वरालीनं फ्रेम उजेडात तिरपी करून पाहिली. “काढायला नको, आजी. काचेवरूनच फोटो घेते, मग संगणकावर दोन्ही जोडते. फक्त…”

साहेबरावांच्या कपाळावर, काचेवर, कुंकवाचा थर होता. रोज एक बोट, असा वर्षानुवर्षं साठलेला. त्याखाली एक भुवई झाकली होती.

“हे पुसावं लागंल, व्हय?”

स्वरालीनं मान डोलावली आणि रुमाल पुढं केला.

“नको, बाळा. मी पुसते.”

मनकर्णाबाईंनी बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं. तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं, तसं त्या पुसत राहिल्या. पदर लाल झाला. भुवई दिसली, तिच्यावरचा जुना व्रण दिसला.

थोड्या वेळानं पडद्यावर साहेबराव माळ्यांच्या मधोमध उभे राहिले. काकासाहेबांनी चष्मा सावरला. “आला बघा गडी जागेवर.”

मनकर्णाबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. पदराच्या ओल्या टोकावर बोट दाबलं, आणि ते लाल बोट काचेवर, कुंकू होतं तिथंच, टेकवलं.