आषाढातलं पापलेट

अंधेरीच्या त्या सोसायटीच्या गेटाच्या आत, नळाजवळच्या कोपऱ्यात सरूबाई तीस वर्षं मासळी विकत होती. बिल्डिंगचा रंग तीनदा बदलला, सेक्रेटरी तर किती आले नि गेले. सरूबाईची मासळीची पाटी हलली नाही.

यंदाची सेक्रेटरी अनुपमा. 'पृथ्वीला जपून जगू या' असा मोठा बोर्ड तिनं गेटावर लावला होता. रविवारी आवारात मांडव घालून त्याचाच कार्यक्रम, नंतर जेवण.

"सरूबाई, रविवारी ताजी पापलेटं हवीत. आणि हा सुक्या मासळीचा वास उद्यापासून बंद. पाहुणे येणारेत."

"आषाढात पापलेट?" सरूबाईनं पदर खोचला. "अगो बाय, होड्या शाकारून किनाऱ्याला लावल्यात. मासळी आता अंडी टाकते. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याबिगर आमच्यात जाळं पडत नाय. तवर सुकट खायचं. उन्हात वाळवलेलं, ना लाइट लागली ना बर्फ."

"मग मी बाहेरून मागवते. पण ते मासळी पुरवणारे त्याबदली तुमचा हा कोपरा कायमचा मागतायत. विचार करा."

ह्याच कोपऱ्यावर नवऱ्यामागं तिनं तीन पोरं वाढवली होती. बंदीच्या दिवसांत चोरून मारलेली मासळी कुठं मिळते हेही तिला ठाऊक होतं. एक पाटी आणली की कोपरा राहत होता.

"दे त्यांना कोपरा," ती म्हणाली. "पोटुशीला मारून मला जागा राखायची नाय."

रविवारी थर्माकोलचे खोके आले. सरूबाई सरळ मांडवात शिरली, एकाचं झाकण उघडलं नि पापलेट तळहातावर घेतलं. शेपटासकट तळहातात मावलं.

"बघा गो सगळी! पोर हाय हे. याला अजून पोरं व्हायची होती. हे तळून खाणार नि पृथ्वी जपणार?"

माईकवरची अनुपमा लालबुंद झाली. "नितेश, यांना बाहेर काढ!"

वॉचमन नितेश मान खाली घालून उभाच राहिला.

"तू कशाला लाजतोस रे? माझे पाय हायेत मला. पाटीला मात्र हात लावू नको."

ती पाटी उचलून बाहेर पडली नि मागं गेट लागलं. सरूबाईनं भिंतीला टेकून फुटपाथवर पाटी मांडली, वर छत्री धरली. आत भाषण पुन्हा सुरू झालं तसा तिनं गळा मोकळा सोडला, "सुकट, बोंबील, सोडे घ्याऽऽ!" माईक बारीक वाटायला लागला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मीराआजींनी रस्त्याकडच्या खिडकीतून दोरीला बांधून कापडी पिशवी खाली सोडली.

"किती घालू गो?"

"नारळीपौर्णिमेपर्यंत पुरेल एवढं!" आजी मांडवाला ऐकू जाईल अशा ओरडल्या.