सर्वानुमते

त्याने वस्तरा पाण्यात खळबळवला, टॉवेलाला पुसला आणि आरशातल्या स्वतःकडे समाधानाने पाहत म्हणाला, "झालं."

दारात उभ्या असलेल्या बायकोने पाहिलं. उजवा गाल तुळतुळीत होता. डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता आणि आता सुकायला लागला होता.

"अहो, थोडं राहिलंय."

"कुठे?"

"डावीकडे."

"डावीकडे काय आहे?"

दूरच्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं त्याने विचारलं. त्याच्या हातातून वस्तरा घेतला आणि उरलेला नवरा तिने स्वतः साफ केला.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो नगरपालिकेच्या सभागृहात अध्यक्षाच्या खुर्चीत होता. इमारतीमागच्या खालच्या वस्तीत पालिकेचाच एक छोटा दवाखाना आहे. त्याच्या दारात रुग्णवाहिका उभी असते. ती होती म्हणून हा वाचला. वाचा शाबूत राहिली, पाय ओढत का होईना चालता येऊ लागलं, विनोदबुद्धीलाही धक्का लागला नाही. गेली ती फक्त डावी बाजू. डोळे तपासले, त्यांत खोट निघाली नाही. डोळे बघत होते, पण डावीकडेही जग असतं हे मेंदूला मान्य नव्हतं. ताटातला उजव्या बाजूचा भात संपला की तो म्हणायचा, "आज हात आखडता घेतलास." बायको ताट फिरवायची आणि उरलेला भात आभाळातून पडल्यासारखा पुढ्यात यायचा. एका सकाळी तर अंथरुणात त्याला कुणाचा तरी हात सापडला. "कुणाचा आहे हा? उचला इथून!" तो ओरडला. हात त्याचाच होता. बायकोने तो उचलून त्याच्या पोटावर ठेवला आणि चहा करायला गेली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नळ सोडून उभी होती.

आज आजारपणाच्या सुट्टीनंतरची पहिली सभा होती. न्यायला मेहुणा आला होता. तो बायकोचा धाकटा भाऊ आणि पालिकेचा उपाध्यक्ष. पहिलं नातं दुसऱ्याच्या उपयोगी पडलं होतं.

"दाजी, अगदी नवरदेव दिसताय!"

"नवरदेवाला निदान पळून जायची सोय असते," तो म्हणाला.

बायकोने भावाला बाजूला घेतलं. "अरे, व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणत होत्या, ह्यांची खुर्ची डाव्या भिंतीला लावा. म्हणजे सगळेच ह्यांच्या उजवीकडे येतील."

"ताई, खुर्ची हलवायला ठराव लागतो. आणि ठराव करायला अध्यक्ष खुर्चीत लागतात." तो हसला. "तू काळजी करू नकोस. मी आहे ना शेजारी."

तो शेजारीच बसला, उजवीकडे. बहिणीलाही त्याने प्रेक्षकांत उजवीकडची, पंख्याखालची खुर्ची दिली.

सभागृहात सत्तेतले सदस्य अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसत आणि विरोधक डाव्या. अध्यक्षाने समोर पाहिलं. विरोधक आज आले नसावेत असं त्याला वाटलं. बरं वाटलं, असंही म्हणता येईल. पुढ्यातल्या कागदावर डावीकडच्या रकान्यात विषय असत आणि उजवीकडच्या रकान्यात प्रत्येक विषयासमोर 'मंजुरीस्तव'. त्याला मंजुरी तेवढी दिसत होती. मेहुणा एकेक क्रमांक कानात सांगत होता आणि तो 'मंजूर' म्हणत होता.

पाचव्या विषयाला एक बारीक, धारदार आवाज उठला. "अध्यक्ष महाराज, माझा विरोध आहे!"

आवाज विरोधकांच्या पुढारी असलेल्या निवृत्त मास्तरीणबाईंचा होता. त्याला मात्र तो उजवीकडून आल्यासारखा वाटला. तिथे एक लठ्ठ ठेकेदार-सदस्य पोटावर हात ठेवून पेंगत होता.

"खाली बसा," अध्यक्ष त्याला म्हणाला. "आणि आवाज बारीक काढून फसवू नका. वय काय तुमचं?"

ठेकेदार दचकून उठला आणि पुन्हा बसला. उजवी बाजू खो खो हसली. डाव्या बाजूला मास्तरीणबाई उभ्याच राहिल्या, तोंड उघडं टाकून.

अध्यक्षाने वर झालेले हात मोजले. खाली असलेला एकही हात त्याला दिसला नाही.

"सर्वानुमते मंजूर."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्ष पंख्याकडे पाहत होते. कारकुनाने लिहून टाकलं.

या एका शब्दाला त्या विषयात मोल होतं. चालू दवाखाना बंद करायचा तर नियमाप्रमाणे सगळ्यांचं एकमत लागायचं. एक जरी हात आड आला तरी प्रकरण वरच्या कार्यालयात जायचं आणि वरच्या कार्यालयात गेलेली प्रकरणं लोणच्यासारखी मुरत पडायची. पाचवा विषय खालच्या वस्तीतल्या दवाखान्याचा होता. तिथे बाजारासाठी गाड्यांचा तळ व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी विरोधकांनी लेखी अर्ज दिला, की अध्यक्ष आजारी आहेत, त्यांना पदावरून दूर करावं. उपाध्यक्षांनी लेखी उत्तर दिलं, की अध्यक्ष ठणठणीत आहेत.

दुपारी जेवताना त्याने नेहमीसारखं अर्धं ताट संपवलं आणि हात पुसायला लागला. बायकोने ताट फिरवलं.

"घरात मी ताट फिरवते," ती म्हणाली. "काल सभागृहात कुणी फिरवलं नाही."

"म्हणजे?"

"डावीकडे माणसं होती. त्यांनी हात वर केलेच नव्हते. त्या बाई ओरडत होत्या आणि तुम्ही भलत्यालाच खाली बसवलंत."

"मी स्वतः मोजले हात."

"उजवीकडचे."

तो ताटाकडे बघत राहिला. या क्षणापर्यंत नसलेला भात तिथे होता.

"विषय कसला होता?" त्याने हळूच विचारलं.

"खालच्या वस्तीतल्या दवाखान्याचा. तुम्हाला नेलं होतं, तोच. गाडी तिथून आली नसती तर आज मी एकटीच जेवत असते."

"तुझा भाऊ शेजारी होता. त्याने सांगितलं असतं मला."

तिने मेजावरचा पाण्याचा तांब्या उगीच सरळ केला. आई गेल्यावर तिने त्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो खोटं बोलताना छताकडे बघतो हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "सांगायचं असतं तर."

त्याने घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "ती लाल पट्टी कुठे टाकलीस?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली पट्टी होती ती. कागदाच्या डाव्या कडेला चिकटवायची, ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि दिसली की तिथून वाचायला लागायचं. इतके दिवस त्याने तिची टिंगल केली होती. आता तो रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसू लागला. मान गंजलेल्या फाटकासारखी मध्येच अडायची. मधूनच पट्टी हरवायची, मग ओळींची शेपटं तेवढी उरायची आणि तो चिडून कागद भिरकावायचा. दाराच्या डाव्या चौकटीला आपटून त्याचा खांदा काळानिळा झाला. एकदा बातमी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून झाली, तेव्हा तो रडला. बातमी गटारांच्या दुरुस्तीची होती.

"काका, सुधारणा आहे हं," व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

"गटारांत?" त्याने विचारलं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "कागदाला पट्टी लावता येते. सभागृहाला कुठे लावणार?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या तशाच ठेवून कपाटाच्या तळातून एक शाल काढून ती उन्हात टाकून आली.

सभेचा पहिला विषय नेहमीचाच होता: मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. ते कायम झालं की 'सर्वानुमते' दगडावरची रेघ होणार होतं. बायको थोडी उशिरा आली. अंगावर लालभडक शाल होती. ती पंख्याखालच्या खुर्चीवर बसली नाही. सगळं सभागृह ओलांडून डाव्या टोकाच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली.

भाऊ लगबगीने तिथे गेला. "ताई, इकडे चल. तिथे वारा लागतो."

"म्हणून तर शाल घेतलीये," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो छताकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसला.

"इतिवृत्त कायम?" कारकुनाने विचारलं.

"थांबा," अध्यक्ष म्हणाला.

आणि त्याने मान वळवायला सुरुवात केली. सभागृहात चुळबुळ झाली. मान अडली, थरथरली, पुन्हा निघाली. एक चष्मा आला. मग एक टक्कल, मग एक कोरं करकरीत जाकीट. माणसं एकेक करून जन्माला येत होती. मास्तरीणबाई आल्या. त्यांच्याही पलीकडे, अगदी कडेला, लाल रंग दिसला. तिथे तो थांबला आणि त्याने श्वास सोडला.

"मागच्या वेळी माझी मोजणी चुकली. पाचव्या विषयाला ज्यांचा विरोध होता, त्यांनी हात वर करा."

डाव्या बाजूचे हात वर झाले. त्याने बोट रोखून एकेक मोजला, कुणालाही न वगळता.

"'सर्वानुमते' खोडा," तो कारकुनाला म्हणाला. "प्रकरण वर पाठवा."

कारकुनाने खोडलं. मेहुणा उठला. या वेळीही तो छताकडे बघत नव्हता.

"दाजींची... अध्यक्षांची ही अवस्था आता बघवत नाही. मेंदूचं दुखणं आहे. विरोधी सदस्यांनी महिन्यापूर्वी जो अर्ज दिला, त्याला आमच्या बाजूचा पाठिंबा आहे. मत घ्यावं."

माणसाला काढायला दवाखान्याएवढा त्रास पडत नाही, साधं बहुमत पुरतं. रिवाजाप्रमाणे मत अध्यक्षानेच घ्यायचं होतं. त्याने घेतलं.

उजवीकडचे हात भराभर वर झाले. त्याने ते मोजले. मग मान वळवली. डावीकडे मास्तरीणबाई टेबलाकडे बघत होत्या.

"अर्ज आमचाच आहे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "सही केलीये." आणि गृहपाठ न केलेल्या मुलाने करावा तसा त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे बाकीच्यांनीही केले.

तो मोजत मोजत लाल शालीपर्यंत गेला. तिचे दोन्ही हात शालीत घट्ट होते, पण तिला मत नव्हतं.

"सर्वानुमते लिहू ना, साहेब?" कारकुनाने विचारलं.

त्याने नजर परत आणायला सुरुवात केली आणि ती वाटेतच अडखळली. त्याच्या टेबलाच्या डाव्या कडेवर एक हात पडला होता, पालथा, गप्प. तो वर झालेला नव्हता. अध्यक्ष त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "एक हात खाली आहे. तसं लिहा."

"कुणाचा, साहेब?"

त्याने उजव्या हाताने तो हात उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि वर आपला तळवा ठेवला.

"आमच्यातलाच आहे," तो म्हणाला. "सभा संपली."