हाडाच्या मुठीचा वस्तरा

जयसिंगपूरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात अनेकांतनं वस्तरा घेतला, तेव्हा आठवडाभर बघितलेले सगळे व्हिडिओ त्याच्या अंगात संचारले होते. पातं उजेडात धरलं, तडा नाही ना ते बघितलं, गंज कुठवर गेलाय ते विचारलं, धार नखावर पारखली. दुकानदारानं काळ्या प्लास्टिकच्या मुठीचा एक दाखवला, तर यानं नाक मुरडलं.

"मग ह्यो घ्या पावणं! मूठ बघा की. अस्सल हाय, प्लास्टिक न्हाय."

वर घासायला चामड्याचा पट्टाही दिला. अस्सल म्हणजे नेमकं काय, हे विचारायची अक्कल मात्र कुठल्याच व्हिडिओनं दिली नव्हती.

वस्तरा हवा होता आप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. जयपाल आप्पा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. आवाज अख्ख्या पेठेला ऐकू जाणारा आणि गाल कायम तुकतुकीत. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. तरी हट्टानं त्याच हातात वस्तरा धरला, तो फरशीवर पडून मोडला. तेव्हापासून दाढी वाढलेली. घरी बोलावलेल्या सलूनवाल्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच हाकललं. असलं तोंड घेऊन चारचौघांत जाणार नाही म्हणून बस्तीत, जैन मंदिरात जाणंही सोडलं. जन्मभर दर्शनाशिवाय तोंडात पाणी न घेतलेला माणूस आता दिवसभर खिडकीत बसून दिसेल त्याच्यावर चिडायचा. दाढी करून त्यांना परत बस्तीत न्यायचं, एवढं एकच अनेकांतच्या डोक्यात होतं.

सकाळी त्यानं डबी उघडली आणि आईनं, रत्नाबाईंनी, पुढं केलेला हात झटकन मागं घेतला.

"अरे, हाड हाय हे! आणि हे चामडं? आपल्या घरात?"

"आई, जुनं हाय गं ते."

"जुनं झालं म्हणून त्यात जीव नव्हता व्हय?" खिडकीतून आप्पा गरजले. शब्द वाकड्या तोंडातून अर्धेमुर्धे येत होते, राग मात्र पुरा होता. "किडामुंगी मरंल म्हणून बाप रात्रीचं जेवत न्हाय, आणि त्याच्या गालावर हाड फिरवतोस? भाईर टाक!"

अनेकांतच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"टाकतो की! सलूनवाला नको, दाढीचं मशीन आणलं तर ते नको, आता मी बी नको. मग पायजे तरी काय तुम्हाला? बसा, सडा त्या खिडकीत!"

"जीभ आवर!" रत्नाबाई ओरडल्या, पण त्यानं ऐकलं नाही. पट्टा फाटकाबाहेर भिरकावला. अंगणातल्या दगडावर वस्तरा ठेवून हातोडीनं मुठीच्या खिळ्या उडवल्या. दुकानदाराचा राग आला होता, बापाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता. आप्पा जन्मभर वस्तरा घासत आले ते सुती नवारीच्या पट्टीवर. ती पट्टी न्हाणीघराच्या खिडकीला रोज दिसायची, आणि हा गाढव तिला बापाची चिक्कूगिरी समजत आला होता!

उघडं पातं त्यानं उकळत्या पाण्यातून काढलं, नवारीवर घासलं, मूठ गेलेल्या शेपटाला धरायला फडकं गुंडाळलं आणि आप्पांच्या समोर उभं राहून स्वतःच्याच गालाला साबण फासला.

"बघा! येतं मला!"

पहिल्याच फटक्यात रक्त आलं.

"कातडं ताण की गाढवा! दुसरा हात काय खिशात घालायला दिलाय?"

"शिकवलंत कधी?"

"इचारलंस कधी?"

मग आप्पा खुर्चीचा दांडा धरून उठले. डाव्या हातानं त्यांनी पोराचा जबडा गच्च पकडला आणि अंगठ्यानं गालाचं कातडं कानाकडं ओढून धरलं.

"आता आडवा धर. दाबू नको. त्याला त्याचं काम करू दे."

पातं सरसरत खाली आलं. पुन्हा रक्त आलं नाही. ओढणारा हात बापाचा, फिरणारा हात पोराचा, आणि दोघांच्या कपाळावरच्या आठ्या होत्या तशाच. गाल साफ झाल्यावर आप्पांनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि ते परत खुर्चीत बसले.

"माझी कर."

अनेकांतनं साबण लावला. आप्पांनी डावा हात डोक्यावरून पलीकडं नेला आणि आपलाच लोंबणारा उजवा गाल वर ओढून धरला. डोळे मिटले.

"ह्या बाजूचं मला काय कळत न्हाय," ते म्हणाले. "कापलं तर तू सांगायचं."

इतका वेळ अनेकांतला रागानं धरून ठेवलं होतं. तो राग आता कुठं गेला कोण जाणे. पातं गालापाशी नेलं, परत मागं घेतलं.

आप्पांनी डोळे उघडले.

"मघाशी चिडलेला बरा होतास की! चीड परत," ते ओरडले. "बस्तीचं दार लागायच्या आत आवर."