पलीकडच्या जावयाची शेगडी

आपण वृद्धाश्रमात राहायला जाणार असं बाबेटबाईंनी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं, आणि त्याचं कारण ऐकून त्यांच्या जावयाला, फोल्कमारला, हसावं की रडावं तेच कळेना.

"खोली बाजारचौकावर आहे," त्या म्हणाल्या. "खिडकीखाली सॉसेजची टपरी. खिडकी उघडली की धूर थेट आत. नर्सबाई जिना उतरतात नि गरमागरम आणून हातात देतात. या वयात आणखी काय हवं माणसाला?"

"अगं आई, इथं काय कमी आहे तुला?" हायड्रूननं, त्यांच्या लेकीनं, विचारलं.

"सॉसेज," बाबेटबाई म्हणाल्या, नि विषय संपला.

बाबेटबाई पक्क्या जर्मनीतल्या कोबुर्ग गावच्या. उभ्या आयुष्यात दर शनिवारी चौकात जाऊन, टपरीसमोर उभं राहून, पावात घातलेलं लांबलचक सॉसेज खाल्लेल्या. गेल्या हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या इथं टेकडीवर लेकीच्या घरी. चाकाच्या खुर्चीतून नेतो म्हटलं तर अंगावर धावून यायच्या. "त्या चौकात मी नाचलेय! आता बटाट्याच्या पोत्यासारखी ढकलत न्याल होय मला?" बरं, आणून द्यावं, तर टेकडी चढेपर्यंत वाफेनं पाव लिबलिबीत व्हायचा. फोल्कमारनं टॉवेलात गुंडाळून, धापा टाकत, पळत आणून पाहिलं. त्यांनी एक घास घेतला आणि ताटली बाजूला सारली. "हे सॉसेजचं प्रेत आहे," म्हणाल्या.

वृद्धाश्रमाला सोमवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

हायड्रूनला वाटलं, नवरा मनातल्या मनात खूश असणार. वाटणारच हो! सासू-जावयाचं तीस वर्षं कधी पटलं नव्हतं. फोल्कमार सोनेबेर्गचा. गाव टेकडीपलीकडेच, पण मधे कित्येक वर्षं पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सरहद्दीची तार होती, आणि तार गेली तरी बाबेटबाईंच्या लेखी तो 'पलीकडचा' तो पलीकडचाच राहिला. पण खरी गोष्ट कुणाला ठाऊक होती? खेळण्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून फोल्कमारला घर खायला उठायचं. हायड्रून दिवसभर औषधांच्या दुकानात. हा एकटा भिंतीकडे बघत बसायचा. सासूबाई आल्या आणि घरात जीव आला. सकाळच्या कॉफीपासून जी जुंपायची ती संध्याकाळपर्यंत. रेडिओ मोठा का, बटाट्याचे गोळे एवढे दगडासारखे का, खिडकी उघडी कुणी टाकली. हल्ली तर तो भांडायच्या ओढीनं लवकर उठायला लागला होता. त्या गेल्या तर भांडायचं कुणाशी? पण हे बोलायचं कुठल्या तोंडानं?

म्हणून तो एवढंच म्हणाला, "मी घरीच भाजतो."

"तुम्ही?" बाबेटबाई इतक्या हसल्या की कवळी हातानं सावरावी लागली. "ऐकलंस का गं हायड्रून? सोनेबेर्गचा माणूस कोबुर्गचं सॉसेज भाजणार!"

शुक्रवारी फोल्कमारनं टपरीवाल्यांच्याच खाटकाकडून कच्ची सॉसेजं आणली. अंगणात शेगडी मांडली, कोळसे फुलवले. सॉसेजं छान तांबूस व्हायला लागली, आणि इथं घात झाला. त्याच्या बापानं, आज्यानं जे केलं तेच त्याच्या हातानं केलं. त्यानं शेजारची बियरची बाटली उचलली आणि सॉसेजांवर शिंपडली. चर्रर्र!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "कोण आंघोळ घालतंय तिथं?"

"कुणी नाही, सासूबाई!"

"कोळसा आणि वर बियर! अहो, त्या डुकरानं जीव दिला तो यासाठी?"

ताटली न शिवता परत आली. कोबुर्गात सॉसेज कोळशावर भाजत नाहीत, पाइनच्या झाडाखाली पडलेल्या सुक्या बोंडांवर भाजतात. फोल्कमारला हे माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं त्याला तो कोबुर्गवाल्यांचा उगाचचा माज वाटत आला होता, इतकंच.

शनिवारी तो मुकाट्यानं पोतं घेऊन रानात गेला. बोंडं ती बोंडं, असा त्याचा हिशेब. लहानपणी घराभोवती पाइनच्याच भाऊबंदांचं, उंच स्प्रूसचं जंगल, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळले. लांबुळक्या बोंडांनी पोतं गच्च भरून आणलं आणि शेगडीत ओतलं. मग काय विचारता! तडतड तडतड, ठिणग्या चोहीकडे, जाळ कमरेएवढा. दोरीवर वाळत घातलेल्या हायड्रूनच्या पांढऱ्या चादरीवर काजळीचे ठिपके. सॉसेज बाहेरून कोळसा, आतून कच्चं.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. दारात बाबेटबाई! घरी आल्यापासून ज्यांनी अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, त्या सपाता घालून, चाकांचा वॉकर ढकलत तरातरा आल्या. रागानं लालबुंद.

"अरे देवा! ही तर स्प्रूसची बोंडं!"

"मग? फरक काय पडतो?"

"फरक काय पडतो म्हणे! आगपेटीच्या काड्यांवर कुणी सॉसेज भाजतं का?" त्यांनी खुर्ची ओढायला लावली आणि शेगडीसमोर ठाण मांडलं. "पाइनची आणायची, पाइनची! बुटकी, गोल, पाकळ्या उघडलेली. आणि खाली पडलेली, झाडावरची तोडलेली नव्हेत. तीस वर्षं या गावाचं मीठ खाताय, डोळे मिटून खाता का हो?"

"तीस वर्षं तुम्ही बोलताय, मला बघायला वेळ कुठं मिळाला?" फोल्कमार म्हणाला. आणि खरं सांगायचं तर, त्याला महिनाभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

रविवारी बोंडं बरोबर मिळाली, पण रात्रीच्या पावसानं ओली चिंब. त्यानं ती सगळी ओव्हनमध्ये वाळत घातली. हायड्रून चर्चमधून आली तर घरभर राळेचा वास.

"फोल्कमार! माझ्या ओव्हनमध्ये केक हवा होता, जंगल नव्हे!"

"गप गं," बाबेटबाई आतून ओरडल्या, "वाळू दे नीट!"

सोमवारी सकाळी बाबेटबाई डोक्याला रुमाल बांधून अंगणात खुर्चीवर बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. जाळ बसू द्या. आता ठेवा. हात लावू नका, कातडी आपण होऊन सुटली की मग उलटा. निखारा मंदावला, टाका मूठभर बोंडं. अंगणात निळसर, गोडसर धूर भरला. पाव वरून चिरला, त्यात सॉसेज बसवलं, दोन्ही टोकं ऐटीत बाहेर.

पहिलं त्यांनी नुसतं बघूनच नापास केलं. "घाई केलीत." ते फोल्कमारनं खाल्लं, आणि तो चावता चावता थांबला. च्यायला! इतकी वर्षं आपण हे टपरीवरून नाक मुरडत खाल्लं? पण तो एक अक्षर बोलला नाही. सोनेबेर्गची अब्रू होती शेवटी.

दुसरं त्यानं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी घास घेतला. हनुवटीवर रस ओघळला, तो पुसायचंही भान राहिलं नाही. डोळे मिटून त्या सावकाश चावत राहिल्या. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. शेवटी पावाचा चुराही बोटानं टिपून खाल्ला.

"कसं झालंय?"

"टपरीच्या पासंगालाही पुरत नाही," बाबेटबाई म्हणाल्या.

फोल्कमारचं तोंड एवढंसं झालं. आणि मग तीस वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "सासूबाई, नका ना जाऊ. दिवसभर मी एकटा काय करू? तुम्ही असलात म्हणजे घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

बाबेटबाईंनी हनुवटीवरचा रस पुसला. आवाज कसा तो एकदम खाली आला. "मला वाटलं, तुम्हाला माझी ब्याद टळलेली हवीय. म्हणून तर ती खोली बघितली हो मी."

"ब्याद तर आहातच," फोल्कमार म्हणाला. "पण आमची आहात."

तेवढ्यात, त्या दिवशी दुकानातून रजा घेतलेली हायड्रून फोन घेऊन बाहेर आली. "आई, वृद्धाश्रमातून आहे. काय सांगू?"

"आण इकडे." बाबेटबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडून त्याला हात पुसले आणि फोन कानाला लावला. "हॅलो? हो, मीच बोलतेय. ती खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका... नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. इथं काम निघालंय मला. जावयाला सॉसेज भाजायला शिकवायचंय... किती दिवस? अहो, माणूस सोनेबेर्गचा आहे. वर्षं लागतील, वर्षं!"

फोन लेकीच्या हातात देऊन त्यांनी वळून पाहिलं. फोल्कमार चिमटा तसाच हातात धरून उभा होता.

"बघत काय उभे राहिलात? ते तिसरं जळतंय!"