मुकादमाची जीभ

घरात तिला कोणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. वय वर्षे सात, पुढचे दोन दात पडलेले, पण कपडे कोणी वाळत घातले, दिवा कोणी चालू ठेवला, सगळ्यावर हिची करडी नजर. म्हणून आजोबांनी तिचं नाव मुकादम ठेवलं आणि तेच चिकटलं.

आजोबा म्हणजे आईचे वडील. पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते मुख्य आचारी होते. रोज चारशे माणसं त्यांच्या हातचं जेवायची. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले, ते आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊनच. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना जबर ताप आला आणि जाताना तो त्यांच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास, दोन्ही घेऊन गेला. आचाऱ्यावर याहून वाईट वेळ ती कोणती! त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. कळलं ते फक्त मुकादमाला, कारण एका सकाळी ते नासलेलं दूध खुशाल कपात ओतत होते आणि तिने त्यांचा हात धरला.

त्या दिवसापासून दोघांचं ठरलं. आजोबांनी रांधायचं, मुकादमाने चाखायचं. चमचा ओठांना लावून, डोळे मिटून ती निकाल द्यायची, "बरोबर आहे. वाढायला घ्या." हे कॅन्टीनमधलं वाक्य आजोबांनीच तिला शिकवलेलं. ते कानावर पडल्याशिवाय त्या घरात पातेलं गॅसवरून उतरत नसे. आईबाबांना वाटायचं, म्हाताऱ्याने नातीचे काय लाड चालवलेत!

आणि आज आईला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं. निघताना, कळा सोसत सोसतसुद्धा, ती दारातून सांगून गेली, "बाळ झालं की मला घरचं सूप हवं. लहानपणी आजारी पडले की मिळायचं ना, तेच."

आता यात गंमत करण्यासारखं काही नव्हतं. आजोबांनी कमरेला टॉवेल बांधला. मुकादमाने स्टूल ओढलं. टोमॅटो, गाजर, कांदा, चार पाकळ्या लसूण. गाजरं सोलायचं काम तिचं. फोन मधोमध टेबलावर ठेवला होता आणि दोघंही दर मिनिटाला त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

आजोबा खुशीत होते आणि खुशीत आले की त्यांच्या जिभेला हाड नसे. पातेलं ढवळता ढवळता ते म्हणाले, "आता काय बाबा, नवीन जीभ येतेय घरात! कोरी करकरीत! मुकादम, तुम्ही आता निवृत्त व्हायचं. सत्कार करू, नारळ देऊ."

ते बोलून गेले आणि कांदा परतायला लागले. मुकादमाच्या हातातलं गाजर मात्र तिथेच थांबलं. खोलीतला खिडकीजवळचा कोपरा तिने बाळाला दिला होता. आपली मऊ गोधडी दिली होती, तीही स्वतःहून. तिने कुठेच हात आखडता घेतला नव्हता. पण चाखायचं काम? ते एकच तर तिचं स्वतःचं होतं. तिला इतकं वाईट वाटलं की गाजराचं साल कुठे संपलं तेही कळेना.

सूप उकळलं. आजोबांचा हात चारशे माणसांच्या सवयीचा, तो मिठाच्या बरणीत गेला आणि मूठ भरूनच बाहेर आला. रोज अशा वेळी मुकादम ओरडायची, "आजोबा, आपण चौघंच!" आज ती ओरडली नाही. मूठ पातेल्यावर उघडली, मीठ विरघळलं आणि चमचा तिच्यापुढे आला. तिने तो ओठांना लावला. असं खारट की डोळ्यांत पाणीच आलं.

"हं? काय म्हणते जीभ?"

विचारा तुमच्या नवीन जिभेला, असं तिच्या मनात आलं. मोठ्याने ती म्हणाली, "बरोबर आहे. वाढायला घ्या."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बाबा हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नव्हता. "मुलगा! मुकादम, तुला भाऊ झाला! दोघंही ठणठणीत आहेत. आणि तुझी आई सूप मागतेय!"

आजोबांनी उलथन्यासकट एक गिरकी घेतली. मग टॉवेलाने डोळे पुसले, डबा भरला, सदरा घातला आणि बटणं एक घर चुकवून लावली. मुकादमही हसली, उड्या मारल्या, पण डब्याकडे बघायचं टाळत.

जिना उतरायला लागल्यावर आजोबा म्हणाले, "खरं सांगू? चारशे माणसांना वाढताना कधी छाती धडधडली नाही, ती आज धडधडतेय. लेकीने तोंड वाकडं केलं तर माझी सगळी पोल उघडी पडेल. पण तू बरोबर म्हणालीस ना, मग मी निश्चिंत आहे."

मुकादम तिसऱ्या पायरीवर मटकन बसली.

"आजोबा, सूप खारट आहे. खूप खारट आहे. मी खोटं बोलले."

आजोबांनी डबा खाली ठेवला. गुडघे कुरकुरवत तेही शेजारी बसले. "का गं?"

"नवीन जीभ आलीय ना. मग माझी कशाला हवी?"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडाबाई! त्याला काय विचारू मी? मीठ कमी पडलं तरी तो भोकाड पसरणार आणि जास्त झालं तरी भोकाडच पसरणार! माणसाने समजायचं काय?"

मुकादमाच्या नाकातून फुर्रकन हसू बाहेर आलं, सोबत बरंच काही आलं, आणि आजोबांनी ते टॉवेलाने पुसलं. टॉवेल अजून कमरेलाच होता. "चुकलं माझं," ते म्हणाले. "अशी थट्टा करायला नको होती. आणि तू मिठाला जागलीस, डबा पोचायच्या आत सांगितलंस. चल आता वर."

"पण सुपाचं काय?"

"कॅन्टीनमध्ये खारट झालं की आम्ही रडत बसत नव्हतो. पातेलं मोठं करायचो."

कारखान्याने निरोपाच्या वेळी दिलेलं अवाढव्य पातेलं कपाटावर होतं. त्यात हिवाळ्याची पांघरुणं राहायची. पांघरुणं पलंगावर गेली, पातेलं घासूनपुसून गॅसवर आलं. पाणी, बटाटे, उरलेले सगळे टोमॅटो. मुकादम स्टुलावर उभी राहून हुकूम सोडत होती. "अजून पाणी! अजून एक बटाटा! थांबा, थांबा, पुरे!" पाचव्या चमच्याला तिने डोळे मिटले. आजोबांनी श्वास रोखला.

"बरोबर आहे. वाढायला घ्या."

सूप एवढं झालं की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दिलं, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला दिलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कपांतून घेतलं, तरी आईचा डबा काठोकाठ. आईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगदी तीच चव," ती म्हणाली. आजोबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम छताचा पंखा तपासत होती.

मग बाळ आजोबांच्या हातात आलं. लालबुंद, मुठी आवळलेलं. त्यांनी नाक त्याच्या टाळूला लावलं आणि लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मुकादमाने त्यांचा चेहरा पाहिला. नासलेल्या दुधाच्या दिवशी होता तोच चेहरा. आईबाबा एकमेकांशी बोलत होते, त्यांना काही दिसलं नाही.

तिने स्टूल ओढलं, वर चढली. "इकडे करा," ती हळूच म्हणाली.

तिने बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. डोळे मिटले. घाई केली नाही.

"कसा आहे गं?" आजोबांनी कुजबुजत विचारलं.

"कोमट दुधाचा," ती त्यांच्या कानात म्हणाली. "आणि थोडासा नव्या वहीचा."

आजोबांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "काही कमी-जास्त?"

मुकादमाने खात्रीसाठी आणखी एकदा वास घेतला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "घरी न्यायला घ्या."